यादीतलं नाव

दरवर्षी जानेवारी संपत आला की आमच्या चर्चच्या सेक्रेटरींचा फोन येतो. फेब्रुवारीत वार्षिक सभा असते, त्याआधी सभासदांची यादी नवी करायची असते. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोणाची वर्गणी थकली, सगळं बघावं लागतं. यंदाही फोन आला.

"ताई, सलाम. तुमची वर्गणी पोचली. पण मुलीचं काय करू? तीन वर्षं झाली, वर्गणी नाही आणि प्रभुभोजनालाही दिसली नाही. नियमानं नाव काढावं लागेल. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

मी म्हटलं, "दोन दिवस थांबा, मी तिला विचारते."

मुलगी पुण्याला असते. सव्वीस वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. रात्री तिला फोन केला तर पाठीमागे मिक्सर चालू होता आणि ती घाईत होती. "काढून टाक ना आई," म्हणाली, वर्तमानपत्र बंद करायला सांगावं तसं. मी गप्प झाले तेव्हा मिक्सर बंद झाला. "हे बघ, देवाशी माझं काही वाकडं नाही. रात्री झोपताना मी प्रार्थना करते. पण ती कमिटी, ती भांडणं, ते कोर्ट... मला नाही त्यात नाव हवं. आणि आजोबांचं काय केलं त्यांनी, विसरलीस तू?"

कशी विसरेन? पण तिला तेव्हा सगळं कळत नव्हतं, आणि जे कळलं ते अर्धंच. म्हणून इथे लिहिते आहे. आमच्या नगरमधल्या (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण पडायला वेळ लागणारच) कुठल्याही ख्रिस्ती घरात ही गोष्ट थोड्याफार फरकाने सापडेल. आणि चर्चच कशाला? ज्यांच्या घरातलं कुणी देवस्थानाचं विश्वस्त होतं किंवा शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर होतं, त्या मैत्रिणींनाही ती ओळखीची वाटेल.

माझे वडील शाळामास्तर. अकरा वर्षं ते चर्चचे खजिनदार होते. हंगामाच्या सणाला लोक शेतातली पपई, भोपळा, कणसं, कोंबड्या आणतात, उपासना झाल्यावर त्यांचा लिलाव होतो. दहा रुपयांची पपई हौसेनं दोनशेला जाते. तो पै-पैचा हिशेब वडील रात्री कंदिलाखाली बसून लिहायचे. वीज आल्यावरही त्यांची बसायची जागा तीच राहिली. २००३ च्या सुमाराला चर्चच्या रस्त्याकडच्या प्लॉटवर एका बिल्डरची नजर गेली. तो भाडेपट्ट्यानं द्यायचा म्हणे. वडिलांनी सभेत उठून एवढंच विचारलं की ठराव कुठल्या सभेत झाला, त्याचं इतिवृत्त दाखवा आणि पैसे कुठल्या खात्यात येणार ते सांगा.

झालं. महिनाभरात उलट त्यांच्यावरच बोट आलं की हंगामाच्या सणाचे पैसे मास्तरांनी दाबले. मंडळीचे दोन तट पडले. कोर्टात केस गेली. एका रविवारी दाराला कुलूप. मग तडजोड अशी निघाली की एका गटानं आठ वाजता आत भक्ती करायची आणि दुसऱ्यानं दहा वाजता व्हरांड्यात. लिंबाच्या झाडाखाली पोलिसांची गाडी. आत "शांती असो" आणि बाहेर काठीवाला शिपाई, असं चित्र कित्येक महिने होतं. वडिलांच्या विरुद्ध ज्यांनी प्रतिज्ञापत्र केलं ते गृहस्थ आमच्याच ओळीतले, तीस वर्षं गायकवर्गात वडिलांच्या शेजारी उभं राहून गाणारे.

२००५ पासून आमच्या घरानं चर्चला जाणं सोडलं. वडील म्हणाले, घरी उपासना करू. देवाला काय, दोघे-तिघे जमले तरी पुरे.

सुरुवातीला फार गोड वाटलं ते. आई पेटी काढायची, सगळे चटईवर बसायचे, मग गरम पोहे. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. घरी आम्ही फक्त आवडीचीच गाणी म्हणत होतो. प्रार्थनेत फक्त आपलीच माणसं येत होती. माझी बीएडची परीक्षा, भावाची बदली, आईचे गुडघे. चर्चमध्ये कशी, नावडतं गाणंही म्हणावं लागतं, आणि ज्यांचं तोंड बघू नये वाटतं त्यांच्या नातवाच्या टायफॉइडसाठीही डोळे मिटावे लागतात. दुसऱ्या वर्षी रविवार हा कपडे धुण्याचा वार झाला. तिसऱ्या वर्षी पेटीच्या भात्याला उंदरानं भोक पाडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२००९ च्या ऑगस्टमध्ये वडील गेले. रात्री अकराला, पावसात. आम्ही चार वर्षं वर्गणी न भरलेली माणसं. दफनभूमीत जागा चर्चची. आई भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत होती, "आता यांना कुठं ठेवायचं?" भाऊ चिडून म्हणाला, पाया पडणार नाही मी कुणाच्या.

रात्री दोनला दार वाजलं. तेच गृहस्थ. प्रतिज्ञापत्रवाले. अंगावर प्लास्टिकचा कागद पांघरलेला. ते मिशनच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवायचे आणि मंडळीत कुणीही गेलं की पेटी तेच करायचे. भाऊ दारात आडवा उभा राहिला. तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "माप घ्यायची गरज नाही. मास्तरांची उंची मला माहिती आहे. फक्त लाकूड साधं चालेल का, तेवढं वहिनींना विचारायला आलो."

सकाळी नऊला घंटा झाली. कोण वारलं की वयाइतके टोल देतात आमच्याकडे. त्र्याहत्तर टोल त्यांनीच दिले, मोजून. दोन्ही गट दफनभूमीत होते, एकमेकांशी न बोलता खांदे बदलत होते. महिला समाजाच्या बायका आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या त्या पाचव्या दिवशी बाहेर पडल्या. साखरेचा डबा कुठे आहे हे त्यांना माझ्याआधी सापडलं.

त्या गृहस्थांनी कधी माफी मागितली नाही. प्रतिज्ञापत्रही मागे घेतलं नाही. केस अजून चालू आहे आणि त्या प्लॉटवर बाभळी वाढल्यात. पण पुढच्या रविवारी आई उठली, पांढरी साडी नेसली आणि चालायला लागली. आम्ही मागे.

मुलीला हे सांगितलं की ती म्हणते, "म्हणजे मेल्यावर चांगले वागतात, एवढंच ना?" आणि मला पटकन उत्तर सुचत नाही. कारण तिची यादी लहान नाही, आणि त्यातलं काही खोटंही नाही.

आता बायकांचंच बघा. आमच्या चर्चमध्ये रविवारी मोजलं तर तीन बायकांमागे एक पुरुष दिसेल. फुलं आम्ही लावायची, प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड आम्ही धुवायचं, संडेस्कूल आम्ही घ्यायचं, पाहुण्यांचा चहा आम्ही करायचा. कमिटीत मात्र कित्येक वर्षं एकच बाई, तीही सहीपुरती. जातीचं तर बोलायलाच नको. बाप्तिस्म्यानंतर जात राहत नाही असं वेदीवरून ऐकायचं आणि सोयरीक जमवताना खालच्या आवाजात "मूळचे कोण?" विचारायचं, हे मी माझ्या लग्नात पाहिलं आहे. एका बाईला नवरा रोज मारायचा. ती तेव्हाच्या पाळकांकडे गेली तर प्रार्थना करा, समेट करा, कुटुंब मोडू नका असा उपदेश घेऊन परत आली.

कायदाही तसाच होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य नाहीतर टाकून देणं असं काहीतरी आणखी सिद्ध करावं लागे. नुसता मार खाऊन सुटका नव्हती! १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं यातला भेदभाव नाकारला आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं गेली. त्या मधल्या काळात निवेदनांवर सह्या गोळा करत फिरणाऱ्या बायका कोण होत्या? आमच्याच महिला समाजातल्या. त्या मार खाणाऱ्या बाईला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम आणि मागची खोली मिळवून दिली तीही याच बायकांनी, पाळकांना न विचारता. आता यातलं चर्च कुठलं? उपदेश करणारं की खोली देणारं? मला तर दोन्ही एकाच छपराखाली दिसतात.

मुलीनं मागे मला केरळच्या नन्सची बातमी पाठवली होती. २०१८ साली एका ननने बिशपांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला आणि तिच्या सोबतीच्या पाच नन्स कोचीत धरणं धरून बसल्या. बिशपांनी आरोप नाकारला, आणि जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. न्यायाचं काय ते वरच्या कोर्टात होईल. पण मला त्या फोटोत राहून राहून दिसत होत्या त्या पाचजणी, अंगावर ननचा झगा तसाच ठेवून रस्त्यावर बसलेल्या. मुलीनं तो फोटो चर्च किती वाईट आहे हे दाखवायला पाठवला होता. मला त्या पाचजणीही चर्चच वाटल्या. आम्हा दोघींचं यावर एकमत झालेलं नाही.

मग तिनं तिचा हुकमाचा पत्ता काढला. "टिळकांनीसुद्धा मिशन सोडलं होतंच ना? ते चालतं तुम्हाला?"

नगरच्या पोरीला रेव्हरंड टिळक शिकवावे लागत नाहीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मग ते आमच्या नगरला आले, पाळकांच्या विद्यालयात शिकवू लागले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली राहुरीला ख्रिस्ती झाल्या, आणि त्या सगळ्या ओढाताणीची हकिगत 'स्मृतिचित्रे'त त्यांनी अशी हसत-रडत लिहिली आहे की आजही कुठल्याही जातीधर्माच्या मराठी बाईला ती आपली वाटते. टिळकांना परदेशी मिशनऱ्यांची साहेबी, तो पगार, तो कागदी कारभार मानवत नव्हता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती. कल्पना किती सुंदर! मुलीला ती आवडते, मलाही आवडते.

पण १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. टिकली ती त्यांची गाणी. आणि ती कुठे टिकली? ज्या मंडळ्यांच्या कारभाराला कंटाळून ते बाहेर पडले त्यांच्याच 'उपासना संगीता'त. आज खेड्यातली अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा टिळकांची भजनं तोंडपाठ म्हणते, कारण कुणीतरी ती छापली, कुणीतरी रविवारी फळ्यावर गाण्याचा नंबर लिहिला आणि कुणीतरी बेसूर का होईना पेटी वाजवली. त्या कुणीतरींमध्ये कमिटीत भांडणारेही होते. संस्थेवर रागावलेल्या माणसाचा शब्द शंभर वर्षं जपून ठेवण्याचं काम त्या संस्थेनंच केलं, याची मला नेहमी गंमत वाटते.

पंडिता रमाबाईंचंही थोडं तसंच. इंग्लंडात वाँटेजला १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी त्यांचे खटके उडायला लागले. एका धर्माच्या पुरोहितांचं जोखड टाकून आले ते दुसऱ्याच्या पुरोहितांचं घ्यायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं. इतकी मानी बाई. पण पुढे त्यांनी काय केलं? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. दुष्काळातल्या शेकडो पोरी-बायका गोळा करून केडगावला मुक्ती सदन उभं केलं. म्हणजे हजेरीपट, कोठीघर, छापखाना, विहीर, वेळापत्रक, सगळी संस्थाच! हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. नुसत्या अंतरीच्या श्रद्धेवर हजार तोंडांची भाकरी थापली जात नाही, हे त्या मानी बाईला पक्कं ठाऊक होतं. त्या १९२२ मध्ये वारल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही आहे.

सिंथिया फरारचं नाव आता फार कुणाला आठवत नाही. ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली. लग्न न झालेल्या बाईला एकटीला परदेशी पाठवायचं हे त्या मिशन बोर्डाच्या पुरुषांना किती जड गेलं असेल! पण पाठवली. पुढे तिनं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले त्या शाळा पाहून गेले आणि १८४८ मध्ये पुण्याला मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं तेही फरारबाईंकडे. १८६२ मध्ये फरारबाई नगरलाच वारल्या. बोर्डात अहंकार होते, गोऱ्या-काळ्याचा भेद होता, पैशाची कुरकुर होती. तेच बोर्ड नसतं तर ही बाई नगरला येती कशी?

आणखी एक गोष्ट मुलीला मी दाखवली आहे, फक्त तेव्हा ती दहावीत होती आणि तिचं लक्ष मोबाइलकडे होतं. चर्चच्या लोखंडी कपाटात बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर आहे. कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यात १९०० सालच्या एका पानावर माझ्या पणजीचं नाव आहे. दुष्काळात आईबाप गेलेली, अंदाजे वय नऊ. गावाचं नाव चुकीचं लिहिलंय. लिहिणाऱ्या गोऱ्या साहेबाला उच्चार कळला नसणार. तिचा दुसरा कुठलाही कागद जगात नाही. सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, फोटो नाही. अंगठा उठवणाऱ्या अस्पृश्य पोरीचं नाव शाईनं लिहून ठेवावं असं तेव्हा किती कचेऱ्यांना वाटलं असतं? मी शिकले, मुलगी शिकली, त्या सगळ्याचं मूळ त्या वाळवी लागलेल्या ओळीत आहे.

करोनात मार्च २०२० पासून चर्च बंद झालं तेव्हा मुलगी म्हणाली होती, बघ, मोबाइलवर उपासना किती छान, भांडण नाही, डास नाहीत. पाळकसाहेब बिचारे रिकाम्या बाकांसमोर उभे राहून कॅमेऱ्याशी बोलायचे. मीही पांघरूण घेऊन ऐकायचे, खोटं कशाला बोलू. पण आमच्या पाचव्या बाकावर एक आजी बसायच्या, एकट्या राहणाऱ्या, साधा फोन वापरणाऱ्या. चर्चमध्ये त्या एक रविवार दिसल्या नसत्या तर सोमवारी कुणी ना कुणी डोकावलं असतं. मोबाइलवर कोण आलं नाही ते दिसतच नाही. महिला समाजाच्या चिटणीसबाईंना तीन आठवड्यांनी आठवण झाली. त्या गेल्या तर आजी तापानं फणफणलेल्या, घरात पाण्याचा घोट नाही. वाचल्या त्या. त्यानंतर चिटणीसबाईंनी सभासदांची यादी घेऊन बसून रोज दहा फोन करायचं ठरवलं. तीच यादी, जिच्यातून मुलीला नाव काढायचंय.

तर हे सगळं दोन दिवस डोक्यात घोळवलं. मग सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, "ती सज्ञान आहे. तिचं नाव मी ठेवा किंवा काढा म्हणणं बरोबर नाही. तिचा नंबर देते, तुम्हीच विचारा."

ते जरा घाबरले. "ती बोलते फार, ताई."

"बोलू दे."

शनिवारी रात्री मुलीचा फोन आला, आवाज चढलेला. चाळीस मिनिटं सेक्रेटरींशी वाद घालून झाला होता. कमिटीत बायका किती, घटना बदलायला किती मतं लागतात, त्या प्लॉटच्या केसवर आजवर खर्च किती झाला, वकिलाची फी कुठल्या खात्यातून जाते, सगळं तिनं विचारलं होतं.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, इतिवृत्त आणि हिशेब चालू सभासदालाच बघता येतो. बाहेरच्याला नाही दाखवत." ती क्षणभर थांबली. "आई, तीन वर्षांची थकलेली वर्गणी किती होते गं?"